प्लॉट चौदाचा कोपरा

हे घडलेलं आहे. खोटं वाटत असेल तर खुशाल पुढे स्क्रोल करा, मला काही फरक पडत नाही.

आधीच सांगते, मी भुतं मानत नाही. आमच्या घरात अंगारा, उतारा, लिंबू-मिरची असलं काही चालत नाही. बाबा म्हणतात, भीती वाटली की आधी लाईट लाव, मग विचार कर. मी त्या घरातली पोरगी आहे. त्यामुळे "ताई, भास झाला असेल" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावस्या नव्हती, पाऊस नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. गेल्या वर्षीचा एप्रिल. रविवार. दुपारचे पावणेबारा. बीडमध्ये एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली झेरॉक्सचं दुकान, ते रविवारी बंद. अख्ख्या इमारतीत मी एकटी.

माझं नाव माया. मी जमिनीचे नकाशे काढते, कम्प्युटरवर. मोजणीवाला शेतात मशीन लावून बिंदू आणतो, मी ते बिंदू जोडून प्लॉट पाडते. नऊ वर्षं हेच करतेय. इतकं की माणूस समोर आला की मी नकळत त्याची उंची मोजते. आमचे साहेब, आदिनाथ सर, एक मीटर अडुसष्ट. दाराची चौकट दोन मीटर दहा. खोड आहे, जात नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी, ऑफिसात एक म्हातारी आली होती. जिना चढून धापा टाकत होती. पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली. एक मीटर बेचाळीस. माझ्या कानालाही लागत नव्हती.

"जय भीम, बाई," ती म्हणाली. "त्या अर्जुनरावाच्या रानाचा कागद हितंच व्हतोय ना? माझी हीर हाय का त्याच्यात?"

तिचं नाव केशरबाई. मांजरसुंब्याच्या पुढे हायवेला लागून एक गाव आहे, नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या बौद्ध वस्तीला खेटून अर्जुनरावांचं रान. अर्जुनराव म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. त्या रानात त्यांना प्लॉट पाडायचे होते आणि मंगळवारी नकाशा हवा होता.

आदिनाथ सर केबिनमधून बाहेर आले. "आजी, तिथं विहीर नाही. मोकळं रान आहे. आमच्या माणसानं मशीन लावून मोजलंय."

"मशीनला काय ठावं? बुजलेली हाय ती."

"मग बुजलेली विहीर कशी दाखवणार? जा तुम्ही, ऊन वाढायच्या आत."

म्हातारी सरांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तू काढतीस ना कागद? नीट बघ, माय. खाली बघ."

गेली.

मी काही बोलले नाही. नोकरी होती, साहेब समोर होते. ते न बोलणं मला अजून टोचतं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

तर रविवार.

सगळे प्लॉट झाले होते. एकोणतीस. फक्त चौदा नंबर बंद होईना.

हे जरा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण सपाट नकाशा काढतो, लांबी आणि रुंदी. पण कम्प्युटरमध्ये प्रत्येक बिंदूला तिसरं मापही असतं, उंचीचं. सपाट नकाशात ते शून्य पाहिजे. मशीनमधून येताना कधीकधी एखाद्या बिंदूला उंची चिकटून येते. मग वरून पाहिलं तर रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण खरं तर एक वर असते आणि एक खाली. प्लॉट बंद होत नाही. रंग भरत नाही. माप चुकतं.

नेहमीची कटकट आहे. दिवसातून चारदा होते.

चौदाची एक बाजू अठरा मीटर असायला हवी होती. माप घेतलं तर बावीस मीटर नऊ सेंटीमीटर.

म्हटलं, आलाच का उंचीचा घोळ. नकाशा आडवा करून बाजूने पाहिला. सपाट नकाशा बाजूने पाहिला की एकच सरळ रेघ दिसते, टेबलाची कड दिसते तशी.

रेघ होतीच.

पण एका जागी दोन रेषा त्या रेघेखाली उतरल्या होत्या... आणि खाली जाऊन एका बिंदूत मिळत होत्या.

त्या कोपऱ्यावर क्लिक केलं. उंची : वजा १२.८१.

वजा.

इथेच मला खटकायला हवं होतं. मशीन उंची देतं ती समुद्रसपाटीपासूनची. चुकून आली तर सहाशे, सातशे अशी येते. जमिनीच्या खाली पावणेतेरा मीटर असा बिंदू कुठला मोजणीवाला आणेल? त्यासाठी खाली उतरावं लागेल.

मी सगळं सिलेक्ट केलं आणि फ्लॅटनची कमांड दिली. म्हणजे सगळ्यांची उंची शून्य. सेव्ह केलं. फाईल पुन्हा उघडली.

वजा १०.९८.

लाईट गेली. इन्व्हर्टरने बीप केलं आणि पंखा हळू झाला.

तेव्हा लक्षात आलं... स्टँडचा आवाज येत नव्हता. रिक्षावाल्यांची "चला मांजरसुंबा, चला केज" ही ओरड आमच्या ऑफिसात दिवसभर येते, खिडकी बंद असली तरी. ती नव्हती. एकही हॉर्न नाही.

आणि मग...

ठक्.

खालून. लांब खालून. झेरॉक्सच्या दुकानातून नाही, त्याच्याही खालून. लोखंड दगडावर आपटल्यासारखं.

मी म्हटलं, कुणीतरी बोअर घेत असेल. पुन्हा फ्लॅटन केलं.

वजा ९.१५.

ठक्... ठक्.

मला राग आला. खरंच राग आला. माझा रविवार, माझं काम, आणि हा एक बिंदू माझी थट्टा करतोय! मी तो कोपराच पुसून टाकला. नवीन रेष काढायला घेतली. माऊस जवळ नेला तर रिकाम्या जागेवर हिरवा चौकोन उजळला. बिंदू सापडला की उजळतो तो. तिथे बिंदू नव्हताच, मी आत्ताच पुसला होता.

तरी रेष जाऊन तिथेच चिकटली.

वजा ७.३२.

"असं का?" मी मोठ्यांदा म्हणाले. रिकाम्या ऑफिसात. "ये मग. ये बे वर. बघू कोण हायस ते."

शहाणपणा नव्हताच तो. पण मला कुणी घाबरवायला लागलं की माझं डोकं फिरतं, लहानपणापासूनच.

फ्लॅटन. वजा ५.४९. ठक्. आता आवाज दुकानातून येत होता.

फ्लॅटन. वजा ३.६६. आवाज जिन्यात. आणि एक वास... ओल्या मुरमाचा. एप्रिलच्या उन्हात, बीडमध्ये, दुसऱ्या मजल्यावर ओल्या मुरमाचा वास.

फ्लॅटन.

वजा १.८३.

ठक्.

माझ्या पायाखालच्या फरशीला हादरा बसला. चप्पल काढून बसले होते, तळव्याला स्पष्ट कळला.

मी पाय वर घेतले. कागदावर सगळे आकडे लिहून काढले आणि वजाबाक्या केल्या. दोनदा तपासल्या. वजाबाकी बरोबर आली.

प्रत्येक वेळी तो एक मीटर त्र्याऐंशी सेंटीमीटर वर येत होता. एक पॉइंटसुद्धा इकडेतिकडे नाही. मशीनची चूक अशी पायऱ्या चढत नाही.

अजून एकदा फ्लॅटन केलं असतं तर तो शून्यावर आला असता. माझ्या बरोबरीला.

बोट बटणावर होतं. दाबलं नाही.

कम्प्युटर तसाच चालू ठेवला, स्कूटीची चावी घेतली आणि निघाले. घरी नाही. मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागले. तुम्ही म्हणाल, घाबरून पळाली. पळणारी माणसं घराकडे पळतात, साहेब.

केशरबाईचं घर वस्तीच्या टोकाला. ती दारात पत्र्याच्या सावलीत बसली होती.

"उन्हाचं कशापायी आलीस, माय? पाणी पी आधी."

पाणी प्यायले. मग सरळ विचारलं, "आजी, विहिरीचं काय झालं होतं?"

तिने समोरच्या रानाकडे हात केला. चुन्याने प्लॉटच्या खुणा मारलेल्या दिसत होत्या.

"बहात्तरचा दुष्काळ. गावातल्या हिरीवर आमाला भरू देत नव्हते. आमी आमचीच खांदायला घेतली. ती जागा आमची व्हती, माय, आमच्या सासऱ्याची. धनी पुढं व्हते. लई उंच माणूस, दारातून वाकून यायचे. परस मोजायला समदे त्यांनाच उभं करायचे."

परस म्हणजे पुरुषभर खोली, विहीर मोजायचं जुनं माप. तुमच्या आजोबांना विचारा.

"भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यावर चुन्याची रेघ मारायची. झाला एक परस. मग त्याच्या खाली दुसरा. आमच्या हिरीचा परस म्हंजी आमचे धनी."

"किती परस झाली होती?"

"सात. सातव्याला वल लागली व्हती."

सात गुणिले एक पूर्णांक त्र्याऐंशी. मी मनातच केलं. तुम्हीही करा.

"मग दरड पडली," केशरबाई म्हणाली. "धनी एकटेच खाली. रातभर आमी वरडतोय, माती काढतोय. सकाळी अर्जुनरावाचा बाप आला. म्हणला, गेला तो, आता आणखी माणसं मारता का? बैलगाड्या लावल्या आन् मुरूम टाकाया लावला."

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसली, लागत नव्हतं.

"खालून पहारीचा आवाज येत व्हता, माय. ठक्... ठक्. मी सांगत व्हते, जित्ता हाय, जित्ता हाय! माझे हात धरून ठिवले. कुणी ऐकलं न्हाई."

 त्या दुपारी मला भीती वाटली नव्हती इतकी लाज वाटली. मी सहा वेळा त्याला सपाट करायला निघाले होते. तो एकेक परस चढून वर येत होता आणि मी बटण दाबत होते.

"कागदावर हीर काढ," ती म्हणाली. "मला रान नको. त्याच्यावर कुणाची मोरी नको बांधाया, एवढंच. आन् नाव लिव."

"काय नाव होतं त्यांचं?"

पन्नास वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून न काढलेली बाई. तिने पदर डोक्यावर घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "निवृत्ती."

सोमवारी सकाळी आठलाच ऑफिसात गेले. स्क्रीनवर सगळं तसंच होतं. वजा १.८३. मी फ्लॅटन केलं नाही. त्या कोपऱ्यावर गोल काढला. बाजूला लिहिलं : बुजलेली विहीर, खोली सात परस, निवृत्ती यांची. प्लॉट चौदा मागे सरकवला आणि मध्ये मोकळी जागा सोडली.

प्लॉट लगेच बंद झाला. एका क्लिकमध्ये.

दहाला आदिनाथ सर आले. पाहिलं.

"हे काय आहे, माया?"

"विहीर आहे, सर."

"मोजणीत नाही."

"जमिनीत आहे."

"पुसून टाक."

"नाही पुसणार."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. आधी म्हणायला हवं होतं, लई सोपं असतं. सर चिडले, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. गोल पुसला. नाव पुसलं. चौदा पुन्हा कोपऱ्यापर्यंत ओढला. बंद होईना. त्यांनी उंची पाहिली, म्हणाले, "एवढं साधं तुला जमेना?" आणि फ्लॅटन केलं.

"सर, नका..."

शून्य.

"झालं की."

काहीच झालं नाही. ठक् नाही, हादरा नाही. पण बाहेर रिक्षावाले ओरडत होते ते... गप्प झाले. सगळे एकदम. ओल्या मुरमाचा वास आला. सरांनाही आला, त्यांनी नाक ओढलं.

सरांनी सेव्ह करून फाईल उघडली.

अधिक १.८३.

पहिल्यांदाच वजा नव्हतं. खाली कुणी नव्हतं आता. जमिनीवर उभा होता, आणि आकडा त्याच्या डोक्याचा होता.

सर स्क्रीनकडे बघत होते. मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. त्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर, आडवी, वीतभर लांब... चुन्याची रेघ होती. ओली. थेंब खाली ओघळत होता.

सर वळले. त्यांनी रेघ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.  पुन्हा स्क्रीनकडे वळून त्यांनी एकेक करत सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं, गोल परत येईपर्यंत, नाव परत येईपर्यंत.  मग उठून खाली चहाला गेले ते दुपारी आले.

मी टेप काढली. फरशीपासून रेघेपर्यंत मोजलं. एक मीटर त्र्याऐंशी. मोजल्याशिवाय मी काही लिहीत नाही.

मंगळवारी अर्जुनराव आले. नकाशा उघडला आणि बोट ठेवलं.

"ही विहीर कोणी काढली?"

सर खिडकीकडे वळले. म्हणून मीच बोलले.

"काढली वस्तीनं. बुजवली तुमच्या वडिलांनी. मी फक्त दाखवली."

"ए पोरी, तुझं काम रेघा मारायचं. तेवढंच कर."

"तेच केलंय. रेघ तुमच्या मागं हाय, बघा."

त्यांनी मागे वळून पाहिलं. ती रेघ तोवर वाळली होती, साधी पांढरी रेघ. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी ते टेकले होते त्या भिंतीपासून चटकन दूर झाले, नकाशा न घेता जिना उतरले.

माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. सर म्हणाले, तू समजून घे. मी समजून घेतलं आणि जाताना नकाशाच्या दोन प्रती घेतल्या. एक केशरबाईला दिली. तिने त्या गोलावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ ठेवूनच होती. दुसरी तिच्या हरकतीच्या अर्जाला जोडून आम्ही दोघींनी तहसील कचेरीत दिली, पोचेवर शिक्का घेतला. अर्जुनरावांनी नंतर दुसऱ्या शहरातून नकाशा करून घ्यायला काढला, असं ऐकलं. तिथल्या मुलाकडेही चौदा नंबर बंद होत नाहीये, हेही ऐकलं. रानात अजून एक वीट पडलेली नाही.

आता मी घरूनच काम करते.

कुठल्याही गावचा नकाशा असो, धारूरचा, आष्टीचा, काम संपलं की मी तो बाजूने बघते. खालची सरळ रेघ. आणि तिच्यावर, एका जागी, एक बिंदू. अधिक १.८३. मी काढलेला नसतो. कुणाला त्रास नसतो त्याचा, प्लॉट बंद होतात, मापं बरोबर येतात. मी तो पुसत नाही. सवय झाली, असं म्हणू शकत नाही.  तरी बघते.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे.

काल संध्याकाळी एक नकाशा संपवला. बाजूने पाहिला. रेघ होती. तो बिंदू होता.

त्याच्या शेजारी... दुसरा होता.

बुटका. क्लिक केलं.

अधिक १.४२.

कालपासून केशरबाईला फोन लावतेय. वाजतोय, उचलत नाही कुणी. कधीकधी ती फोन घरात विसरून शेजारी जाते, तसं असेल. उजाडलं की स्कूटी काढणार आहे, तिकडेच जाणार आहे.

क्लायंटचा मेसेज आलाय, नकाशात दोन बिंदू जमिनीच्या वर आहेत, फ्लॅटन करून पाठवा.

मी त्याला कळवलंय, होणार नाही.